खोटा भार

बुधवारी नोटीस लागली आणि शुक्रवारी दुपारी दोनला थंड पाणी बंद होणार होतं. मध्ये गुरुवारचा एक दिवस होता. तो अनुपमाने नवऱ्याशी आणि मुलीशी वाद घालण्यात काढला.

शुक्रवारी सकाळी नऊला तिघं खलिफा सिटीतल्या घरातून निघाली. शैलेंद्र गाडी चालवत होता. ईशानी मागच्या सीटवर कपाळ काचेला टेकवून बसली होती. दुबईच्या पार टोकाला वाळूत 'वाहा' नावाची वसाहत होती. शैलेंद्रचा धाकटा भाऊ प्रल्हाद तिथे बायको अपर्णा हिच्यासोबत राहायचा, आणि त्याच्याजवळ त्यांचे वडील, अण्णा. संध्याकाळच्या आत अण्णांना घेऊन परत यायचं असं ठरलं होतं.

"मी शेवटचं सांगते," अनुपमा मागे न बघता म्हणाली. "तिथे रिपोर्टचा विषय काढायचा नाही. अपर्णाची काय अवस्था असेल, विचार कर. अण्णांना घ्यायचं, सामानाला हात लावायचा आणि निघायचं."

"काकाचा जॉब चाललाय, आई. माझ्या रिपोर्टमुळे. आणि मी तिथे बसून जेवू?"

"तू मुद्दाम केलंस का?"

"नाही. पण केलं तर मीच ना."

ईशानीचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं, विषय पर्यावरण. जानेवारी-फेब्रुवारीत ती प्रोजेक्टसाठी रोज काकाच्या प्लांटवर जाऊन बसायची. वाहाच्या इमारतींमध्ये घराघरात एसी नव्हते. एका मोठ्या प्लांटमध्ये पाणी गार करून ते पाइपांनी सगळीकडे फिरवायचं, अशी सोय होती, आणि तो प्लांट प्रल्हाद चालवायचा. दोन हजार सातमध्ये बावीस टॉवर होणार म्हणून बावीस टॉवरांचा प्लांट आधीच बांधून झाला. मग आठ साल उजाडलं, मंदी आली. क्रेन जिथल्या तिथे थांबल्या. टॉवर झाले तीन, आणि त्यातही माणसं राहायला आली एकसष्ट घरांत. तीन टॉवरांसाठी बावीस टॉवरांची मशीन रात्रंदिवस फिरत होती. ईशानीने त्याचा हिशोब मांडला होता. वीज किती, पाणी किती, त्यातलं कामाला किती आणि वाया किती. प्रोजेक्टला पहिला नंबर मिळाला, घरी सगळ्यांनी श्रीखंड खाल्लं, आणि अनुपमाला वाटलं विषय संपला.

गुरुवारी अपर्णाने नोटिशीचा फोटो पाठवला, तेव्हा ईशानीने त्यातली वाक्यं ओळखली. ती तिचीच होती.

"कॉलेजच्या सरांनीच रिपोर्ट कुणाला तरी दिला असेल," ईशानी म्हणाली. "विचारायला तरी हवं होतं मला."

शैलेंद्र रस्त्यावरून नजर न हलवता गाडी चालवत राहिला. कालपासून तो असाच होता. दोघींपैकी कुणाचीच बाजू घेत नव्हता. अनुपमाला वाटलं, अण्णांची काळजी असेल. गाडी दुबईत शिरली. उजव्या हाताला अर्धवट सांगाड्यांची रांग लागली, वरच्या मजल्यांच्या गंजलेल्या सळया आभाळात वर आलेल्या.

*

सातव्या मजल्यावरच्या घरात प्रल्हादने टेबल भिंतीपासून पुढे ओढलं. सगळीकडे खोके होते. त्याची आठ वर्षांची मुलगी अस्मी एका बॅगेवर बसून गेम खेळत होती.

"वहिनी, फ्रीजर रिकामा करायचाय, संकोच करू नका," अपर्णा कोथिंबीर वड्यांची ताटली पुढे सरकवत म्हणाली. तिचे डोळे सुजले होते, पण आवाज खणखणीत होता. "ईशानी, घे गं. तुला आवडतात म्हणून कडक तळल्यात."

ईशानीने एक वडी ताटात घेतली. तशीच ठेवली.

अण्णा टेबलाच्या टोकाला बसले होते. शहात्तर वर्षं वय, अजूनही ताठ. एकाहत्तर साली ते फिटर म्हणून इथे आले ते समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या पहिल्या प्लांटवर. शैलेंद्र त्याच कामात पुढे इंजिनिअर झाला. प्रल्हाद त्या पाण्याला गार करण्याच्या धंद्यात गेला.

"अण्णा, तुमची बॅग कुठली?" शैलेंद्रने विचारलं.

"मी येणार नाही."

"अण्णा, दोननंतर इथे राहता येणार नाही."

"मी पत्र्याच्या खोलीत राहिलोय. पन्नास डिग्रीत. ओली चादर अंगावर घ्यायची आणि झोपायचं."

"पत्र्याच्या खोलीला दार होतं, अण्णा," प्रल्हाद म्हणाला. "वारा आत यायचा. इथली काच उघडतच नाही. पंखा लावायला छताला हूक नाही. थंड पाणी फिरतं म्हणून हे घर आहे. ते थांबलं की ही नुसती बाटली."

"मी तर पोर्टेबल एसीसुद्धा बघून आले," अपर्णा म्हणाली. "अठराशे दिरहम, म्हणजे तेवीस हजार रुपये. दुकानदार म्हणाला, मॅडम, याचा पाइप खिडकीबाहेर काढावा लागतो. मी म्हटलं, भैया, खिडकी ही नहीं है."

अण्णांनी ताट पुढे सारलं. "मला मूर्ख समजू नका. इथून निघालो की कुठे जायचं ते मला कळतं. आधी खलिफा सिटी. मग पुणे. माझा व्हिसा प्रल्हादच्या नावावर आहे. त्याची नोकरी गेली की तो गेला, आणि त्याच्यामागे मी गेलो. एकोणचाळीस वर्षं."

"मी माझ्या नावावर करून घेतो," शैलेंद्र म्हणाला.

"करशील. कागद फिरतील. तोवर मी पुण्यात असेन, आणि पुण्यातून परत कोण आणतंय."

अपर्णाने रिकामी वाटी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"ज्या कन्सल्टंटने हे लिहिलंय ना," ती म्हणाली, "त्याला एकदा इथे आणून बसवायला पाहिजे. गारेगार ऑफिसात बसून गणितं करायची. वाया जातं म्हणे. आमच्या घराला हा म्हणतो लोड! तीन टॉवरांचा लोड! अकराव्या मजल्यावर बदरुन्निसाआपा आहेत, नवरा अंथरुणाला खिळलेला. काल त्यांना रास अल खोरच्या गोडाऊनमध्ये हलवलं, भाच्याने तिथे जागा दिली म्हणून. त्या लोड?"

"काकू, कन्सल्टंट नाही," ईशानी म्हणाली. "मी आहे."

"काय मी आहे?"

"ते मी लिहिलंय. माझा प्रोजेक्ट."

अनुपमाने डोळे मिटले. बॅगेवरून अस्मीने मान वर केली. "व्हॉट डिड ईशानीताई डू?"

"अस्मी, आतल्या खोलीत जा," अपर्णा म्हणाली.

"बट व्हॉट डिड शी..."

"आत जा म्हटलं ना!"

अस्मी गेली. अपर्णा ईशानीकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग यायचा बाकी होता. आधी नुसती ओळख पटवून घेतल्यासारखं ती बघत होती. "दोन महिने माझ्या हातचा डबा खाऊन जायचीस प्लांटवर."

"मला बुधवारपासून माहीत आहे," प्रल्हाद म्हणाला.

आता सगळे त्याच्याकडे वळले.

"फेब्रुवारीत नऊ दिवस मीटर बंद होता. त्या दिवसांचे आकडे माझ्या डायरीत होते, हाताने लिहिलेले. ते मी एकाच माणसाला दिले. नोटिशीला जोडलेल्या कागदात तेच आकडे आहेत." तो बोलताना वरण-भात कालवत होता, पण घास घेत नव्हता.

"तुला माहीत होतं," अपर्णा म्हणाली, "आणि दोन दिवस मी एकटीच त्या कन्सल्टंटला शिव्या घालतेय, ते तू ऐकत बसलास?"

"ती येऊन सांगते का बघायचं होतं." प्रल्हादने ईशानीकडे पाहिलं. "मला एकच विचारायचंय. छोट्या मशीनबद्दल का नाही लिहिलंस? आपण त्यावर किती बोललो होतो. तीन टॉवरांपुरती छोटी मशीन बसवा, आणि मग मोठी बंद करा. तुला पटलं होतं."

"लिहिलंय."

"नाही लिहिलेलं. दोन पानं आहेत, मी शंभर वेळा वाचलीत."

"दोन नाही, तीस पानं आहेत काका. ती दोन पानं नुसता सारांश आहे. छोटी मशीन पान चौदावर आहे. मी ठळक केलंय ते. आधी छोटी बसवा, मगच मोठी थांबवा." तिचा आवाज चिरकला. "पूर्ण रिपोर्ट सरांकडे आहे. त्यांनी नुसता सारांश दिला असेल का कुणाला? पण ते असं करणार नाहीत..."

प्रल्हादच्या समोर शैलेंद्र बसला होता. त्याने पाण्याचा ग्लास उचलला, ओठांपर्यंत नेला आणि न पिता खाली ठेवला.

"आता कोणी काय दिलं, काय फरक पडतो," अनुपमा घाईने म्हणाली. "भाऊजी, चुकलं तिचं. ती लहान आहे."

"बावीस वर्षांची आहे ती, वहिनी," अपर्णा म्हणाली. "बाविसाव्या वर्षी मी सासरी आले होते." आणि मग ती उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ तो चालूच राहिला.

प्रल्हादने घड्याळ बघितलं. एक वाजून दहा मिनिटं. "मला निघायला हवं. बंद मलाच करायचंय."

"मी येते," ईशानी म्हणाली.

त्याला नाही म्हणायचं होतं. पण त्याने मान डोलावली.

*

प्लांटच्या आत गेल्यावर बोलायचं तर ओरडावं लागे. चार मशीन रांगेत होत्या, एकेक ट्रकएवढी. त्यातली एकच चालू होती. ऑपरेटर रफिक जुम्म्याच्या नमाजाहून परतला होता, टोपी अजून खिशात होती.

"सर, कंपनी से कोई नहीं आया," तो म्हणाला. "फोन आया था. बोले, बंद करके फोटो भेज देना."

"भेज देंगे."

नियंत्रण खोलीत आवाज थोडा कमी होता. प्रल्हाद खुर्चीवर बसला, ईशानी त्याच्यामागे उभी राहिली. पडद्यावर पाइपांचा नकाशा होता, निळा आणि लाल. दोन रेषा जिथे एकमेकींना मिळत होत्या तिथे काकाने बोट ठेवलं. जानेवारीत पहिल्या दिवशी त्याने तिला हेच दाखवलं होतं.

"हा व्हॉल्व्ह दोन वर्षं उघडा आहे," तो म्हणाला. "एवढ्या मोठ्या मशीनला एवढंसं काम दिलं की ती धापा टाकते, बंद पडते. म्हणून मग हे. गार पाणी बनवायचं आणि इथे त्यात गरम पाणी मिसळायचं. मशीनला वाटावं, बाहेर बावीस टॉवर उभे आहेत. आम्ही त्याला खोटा भार म्हणतो. रोज सकाळी येऊन तो किती ठेवायचा ते मी ठरवतो."

"माहीत आहे काका."

"आणि वर गच्चीवर कूलिंग टॉवर. रोज आठ टँकर गोडं पाणी वाफ होऊन हवेत जातं. दादाच्या प्लांटमधलं पाणी. गॅस जाळून समुद्रातून काढलेलं." तो थोडा हसला. "मी सहा मेमो लिहिले. छोटी मशीन द्या म्हणून. सहापैकी एकाचं उत्तर आलं. लिहिलं होतं, मार्केट सुधारल्यावर बघू."

"मला वाटलं, कुणीतरी वाचलं तर आपल्याला..." ती थांबली. "पर हेड आपण जगात सगळ्यात वर आहोत काका. किंवा दुसरे. एक माणूस इथे जेवढं जाळतो ना, तेवढं कुठेच नाही. मला लाज वाटते त्याची."

"'आपण' म्हणतेस तू."

"मी इथे जन्मले."

"हो. पण पासपोर्ट भारतीयच आहे ना." तो हे रागाने बोलला नाही. "बुधवारी संध्याकाळी मी तुझे आकडे तपासायला बसलो. सगळे. वाटलं, एखादा चुकलेला सापडेल. मग साहेबांना फोन करून म्हणता येईल, हे बघा, पोरीचं चुकलंय, थांबा जरा." त्याने मान हलवली. "एकही चुकलेला नाही. शिकवलं मीच होतं."

ईशानी रडायला लागली. तिने रडणं थांबवायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. रफिकने दुसरीकडे तोंड वळवलं.

"सर, मैं करूँ?" त्याने विचारलं.

"नहीं. मैं करता हूँ."

बरोबर दोनला प्रल्हादने मशीन हळूहळू बंद करायला सुरुवात केली. आवाज एकदम थांबला नाही. आधी वरची शिट्टी गेली, मग खालची घरघर जड होत गेली, मग एकेक पंप थांबला. शेवटी तो स्वतः खाली जाऊन तिन्ही टॉवरांकडे जाणारे व्हॉल्व्ह हाताने फिरवत बसला. प्रत्येकाला चाळीसेक फेरे लागले. ईशानीने तिसरा फिरवायला मदत केली. धातू इतका गार होता की तळहात बधिर झाले. त्यावर साचलेलं पाणी तिच्या बुटांवर ठिबकत होतं.

बंद झाल्यावर ती शांतता तिला सहन होईना. दोन वर्षांत तिथे असं कधीच झालं नव्हतं. रफिकने मोबाइलवर फोटो काढला आणि पाठवून दिला.

मग बराच वेळ ते तिघं मिळून पाइप रिकामे करत बसले, नोंदवहीत शेवटच्या नोंदी करत बसले. चारच्या सुमाराला प्रल्हादचा फोन वाजला. अपर्णा होती.

"लवकर ये. अण्णांनी खोलीला आतून कडी लावलीय. दोन तास झाले."

*

अनुपमा, अपर्णा आणि अस्मी खाली गाडीत एसी लावून बसल्या होत्या. शैलेंद्रने त्यांना खाली पाठवलं होतं. वर तो एकटा होता. अण्णांच्या दारासमोर जमिनीवर बसला होता.

घर इतक्या लवकर तापेल असं त्याला वाटलं नव्हतं. पश्चिमेची पूर्ण भिंत काचेची होती आणि ऊन थेट आत येत होतं. फरशीसुद्धा कोमट झाली होती. शर्ट पाठीला चिकटला होता. त्याने आधी दार ठोठावलं, मग ओरडला, मग विनवण्या केल्या. आतून दोनदा "जा तू" एवढंच आलं होतं.

"अण्णा, मी सुरक्षारक्षकांना बोलावून दार तोडायला लावीन."

त्याने पुन्हा दार ठोठावलं.

"अण्णा, ऐकताय ना?"

"ऐकतोय."

आवाज बारीक झाला होता. शैलेंद्रने डोकं दाराला टेकवलं. त्याला कळत होतं की आता काहीतरी असं बोलायला हवं जे ऐकून म्हातारा कडी काढेल. आणि तसं बोलण्यासारखं त्याच्याकडे एकच होतं.

"अण्णा, तो कागद सरांनी दिला नाही. मी दिला."

आत पलंग करकरला.

"मे महिन्यात वरून विचारणा आली. उन्हाळ्यात गॅस पुरत नाही. आमच्याकडे डिझेल जाळून वीज आणि पाणी काढावं लागतंय. कुठे कपात करता येईल त्याची यादी द्या, प्रत्येक सेक्शनने. वाहाच्या प्लांटची वीज आणि पाणी आमच्याकडूनच जातं. ईशानीचा रिपोर्ट जेवणाच्या टेबलावर पडलेला होता. मी पहिली दोन पानं झेरॉक्स केली. साहेब दोन पानांपेक्षा जास्त वाचत नाहीत."

मग अण्णांचा आवाज, दाराच्या अगदी जवळून. ते पलीकडे येऊन बसले असावेत.

"चौदावं पान वाचलं होतंस?"

शैलेंद्रला खोटं बोलता आलं असतं. टेबलावर तो तेच करत बसला होता, न बोलता.

"वाचलं होतं."

"मग?"

"छोट्या मशीनला खर्च आहे. खर्चाची सूचना असली की ती यादीतून जाते. आणि मला यादीत राहायचं होतं, अण्णा. माझ्या सेक्शनमधले चार जण काढले होते तोपर्यंत. पाचवा मीच होतो, असं मला रोज वाटायचं. म्हटलं, मोठी मशीन बंद करा म्हटलं तर तिथले लोक छोटीचं बघतीलच. प्रल्हाद आहे तिथे. तो बघेल." त्याने बाहीने कपाळ पुसलं. "मी प्रल्हादला एक फोन केला असता तरी पुरला असता. तीन महिने होते माझ्याकडे."

"का नाही केलास?"

"लाज वाटली."

कडी वाजली. दार आत ओढलं गेलं आणि शैलेंद्र तोल जाऊन उंबऱ्यात पडता पडता वाचला. अण्णा भिंत धरून उभे होते. सदरा पूर्ण भिजला होता, पण चेहरा कोरडा होता, कोरडा आणि लाल. आतली खोली भट्टी झाली होती.

"पोर तिकडे रडत असेल," ते म्हणाले. जीभ जड पडत होती. "तिला सांग. तू सांग."

"सांगतो. चला आधी."

अण्णांनी एक पाऊल टाकलं. दुसरं टाकताना गुडघे मुडपले. शैलेंद्रने त्यांना खाली पडण्याआधी धरलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने बापाला उचललं, आणि ते इतके हलके असतील असं त्याला वाटलं नव्हतं. अंग चटके बसतील इतकं तापलं होतं.

खाली लिफ्ट उघडली तेव्हा समोर प्रल्हाद आणि ईशानी धावत येत होते. प्रल्हादने पाय धरले. अण्णांचे डोळे अर्धवट उघडे होते.

"हा म्हणतो," ते प्रल्हादला म्हणाले, हळू, शब्द शोधत, "चौदावं पान वाचलं होतं."

प्रल्हादने मोठ्या भावाकडे पाहिलं. ईशानीनेही पाहिलं. शैलेंद्रला मान खाली घालता आली नाही, कारण अण्णांचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं. तिघांनी मिळून अण्णांना गाडीपर्यंत नेलं. अपर्णाने मागची सीट मोकळी केली आणि ती बाटलीतलं पाणी त्यांच्या छातीवर, मानेवर, केसांवर ओतायला लागली.

*

अण्णा पाच दिवस हॉस्पिटलमध्ये होते. किडन्यांना धक्का बसला होता, पण सावरले. शैलेंद्रने व्हिसाचा अर्ज केला. तो नामंजूर होऊन परत आला. एकोणीस ऑगस्टला अपर्णा, अस्मी आणि अण्णा पुण्याच्या विमानात बसले. अण्णांना व्हीलचेअरवरून नेलं. शैलेंद्र पाया पडला, तेव्हा त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बोलले मात्र प्रल्हादशीच, औषधांच्या वेळांबद्दल.

घरात ईशानी बापाशी बोलत नव्हती. अनुपमा दोघांची ताटं वेगवेगळ्या वेळी वाढायची आणि स्वतः दोन्ही वेळा सोबत बसायची. शैलेंद्रची नोकरी राहिली होती. यादीतल्या सूचनेबद्दल त्याला शाबासकीचं पत्र आलं होतं. ते त्याने घरी आणलं नाही. अनुपमाला ते गाडीच्या कप्प्यात सापडलं आणि तिने पुन्हा तिथेच ठेवलं.

प्रल्हादच्या हातात देश सोडायला आठवडाभर उरला होता. विमान गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तो उरलेलं सामान आणायला निघाला तेव्हा ईशानी न विचारता गाडीत येऊन बसली. रमझान सुरू झाला होता. रस्ते रिकामे होते.

वाहाच्या वळणावरच आवाज ऐकू आला. प्रल्हादने काच खाली केली. "हे काय?"

दोन नंबरच्या टॉवरमागे कंटेनरएवढे तीन जनरेटर उभे होते. शेजारी भाड्याच्या कूलिंग मशीनची रांग. जाड नळ्या जमिनीवरून इमारतीत शिरल्या होत्या. वाळूवर डिझेलचा काळा डाग पसरला होता आणि धूर काचेच्या भिंतीवरून वर सरकत होता.

गेटवरचा सतीश ओळखीचा होता. त्याने सलाम केला.

"सर, आ गये? ऊपर ठंडा है. परसों से चालू है."

"किसके लिए? लोग वापस आये क्या?"

"लोग नहीं सर. कोई नहीं है. अंदर फफूँद लग रही थी, दीवार पे, दरवाज़े पे. मालिक लोगों ने बोला लकड़ी ख़राब हो जायेगी, पत्थर काला पड़ेगा. इसलिए मँगाया."

प्रल्हादने जनरेटरवाल्या माणसाला तासाचं डिझेल विचारलं. तिन्ही मिळून सव्वाशे लिटर, तो म्हणाला. प्रल्हादने मनातल्या मनात गुणाकार केला. ईशानीने आधीच केला होता.

"आधीपेक्षा कमी आहे," ती म्हणाली.

"हो. कागदावर बचतच दिसेल."

सातव्या मजल्यावर दार उघडलं तर आत थंडगार होतं. इतकं गार की ईशानीच्या अंगावर काटा आला. खोके होते तिथेच होते. अण्णांच्या खोलीत पलंगाच्या मागच्या भिंतीवर काळ्या बुरशीची एक पट्टी चढून मध्येच थांबली होती. छताच्या जाळीतून वारा येत होता आणि पलंगावरची चादर एका कोपऱ्याशी हलत होती.

त्यांनी चार फेऱ्यांत सामान खाली नेलं. शेवटच्या फेरीला प्रल्हाद दाराजवळच्या भिंतीवरच्या थंड हवेच्या बटणाशी थांबला आणि सवयीने ते बंद केलं. वारा चालूच राहिला. त्याने पुन्हा चालू करून बंद केलं. मग जोरात दाबलं.

"काका, खालून लॉक केलं असेल."

"हो."

तरी त्याने आणखी एकदा दाबून पाहिलं. मग दार ओढून घेतलं, किल्ली फिरवली आणि दोघं लिफ्टची वाट बघत उभे राहिले. दाराच्या खालच्या फटीतून गार हवा बाहेर येत होती, त्यांच्या घोट्यांना लागत होती. लिफ्ट यायला वेळ लागला.